राज्याच्या कोर्टातले क्लास ॲक्शन दावे: कुठले वाढले, कुठले ओसरले आणि का

नमस्कार. दीड वर्षात घरी तीन नोटिसा आल्या, असं तुम्ही लिहिलंय. एक तुमच्या पत्नीच्या जुन्या लॅबमधल्या नोकरीबद्दल, जेवणाच्या सुट्टीचे पैसे बुडवले म्हणून. दुसरी एका दुकानाच्या वेबसाइटवर तुम्ही केलेल्या चॅटबद्दल. तिसरी तुम्ही शिकागोला असताना बोटाचा ठसा देऊन हजेरी लावायचात त्याबद्दल. पहिल्या दोन कॅलिफोर्नियाच्या सुपीरियर कोर्टातल्या, तिसरी इलिनॉयमधल्या कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागोच्या जिल्ह्याच्या, सर्किट कोर्टातली. ही सगळी राज्यांची कोर्टं. हजारो लोकांची ही प्रकरणं फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात का नाहीत, राज्याच्या कोर्टांत हल्ली कुठल्या प्रकारचे क्लास ॲक्शन दावे (एकानं त्याच तक्रारीच्या सगळ्यांच्या वतीनं केलेले) वाढताहेत, आणि फ्रीमाँटला २२ कामगारांचं रेस्तराँ चालवणाऱ्या तुमच्या मेहुण्यांनी काळजी करावी का, हे तुमचे प्रश्न.

मला यात एकच मोठा प्रश्न दिसतो: दावा कुठल्या प्रकारचा आहे आणि तो कुठल्या कोर्टात आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? तो कळला की तुमच्या तिन्ही नोटिसा एका रांगेत बसतात. मी पुण्यात कायदा शिकले, मग इथे येऊन एलएलएम आणि कॅलिफोर्नियाची बार परीक्षा केली. गेली एकवीस वर्षं हेच काम करते. पहिली सात मालकांच्या बाजूनं, त्यानंतर कामगार आणि ग्राहकांच्या बाजूनं. दोन्ही बाजूंची गणितं जवळून पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगायला हवं. 'राज्याचं कोर्ट' अशी एक गोष्ट नाहीच. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. मिसिसिपीत क्लास ॲक्शनचा नियमच नाही, तर कॅलिफोर्नियात दिवाणी प्रक्रियेचं कलम ३८२ हे १८७२ पासून आहे आणि त्याच्या जोरावर इथलं सगळं काम चालतं. ('एकानं सगळ्यांच्या वतीनं' ही कल्पना पुण्यात शिकताना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ मध्ये भेटली होती, इथे तिचा एवढा मोठा व्याप बघून मी पहिले काही महिने चकित झाले होते.) राज्याराज्यांत नोंद ठेवायची पद्धतही वेगळी. त्यामुळे देशभराचा एकच आकडा देऊन 'अमुक प्रकार इतके टक्के वाढला' असं मी सांगणार नाही. माझ्यासमोर आलेली प्रकरणं आणि ज्यांनी दिशा बदलली ते निकाल, यांच्या आधारानं बोलते. तुमच्या नोटिसांमधला मजकूर मी पाहिलेला नाही, हेही लक्षात ठेवा.

सुरुवात २००५ पासून करावी लागते. त्याआधी देशभरातल्या ग्राहकांच्या वतीनं केलेले प्रचंड दावे राज्याच्या कोर्टांत सर्रास दाखल होत. वादीचे वकील आपल्याला सोयीचं कोर्ट शोधत. इलिनॉयमधली मॅडिसन काउंटी त्यासाठी गाजली होती. २००३ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी 'लाइट' सिगारेटच्या प्रकरणात फिलिप मॉरिसविरुद्ध १०.१ अब्ज डॉलरचा निकाल दिला. पुढे डिसेंबर २००५ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. अशा प्रकरणांवरून उद्योगांनी रान उठवलं आणि १८ फेब्रुवारी २००५ ला अध्यक्ष बुश यांनी क्लास ॲक्शन फेअरनेस ॲक्टवर सही केली. वकिली बोलीत आम्ही त्याला 'काफा' म्हणतो. क्लासमध्ये, म्हणजे दावा ज्यांच्या वतीनं आहे त्या गटात, किमान १०० माणसं, एकूण मागणी ५० लाख डॉलरच्या वर, आणि वादींपैकी कुणी एक आणि प्रतिवादींपैकी कुणी एक वेगवेगळ्या राज्यांचे, एवढं जुळलं की प्रतिवादी कंपनी प्रकरण उचलून फेडरल कोर्टात नेऊ शकते.

मी वकिली सुरू करून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. फर्ममधले ज्येष्ठ सांगायचे, राज्याच्या कोर्टातलं हे काम आता संपत आलं. देशभरातल्या ग्राहकांच्या दाव्यांबाबत त्यांचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं. सदोष मोटारी, औषधं, विमा यांचे मोठे दावे फेडरल कोर्टांकडे सरकले. पण काफात एक अपवाद आहे. क्लासमधली दोन तृतीयांश किंवा जास्त माणसं आणि मुख्य प्रतिवादी दोघंही त्याच राज्याचे असतील, तर प्रकरण राज्यातच राहतं. आता कुणाचे दावे असे असतात? एकाच राज्यात राबणाऱ्या कामगारांचे. ग्राहक पन्नास राज्यांत विखुरलेले असतात. लॅबमधले, गोदामातले, हॉटेलातले कामगार शेजारपाजारच्या गावांत राहतात.

म्हणून कॅलिफोर्नियाच्या कोर्टांत नोकरीविषयक दावे पुढे सरकले. इथल्या ज्युडिशियल कौन्सिलनं २००० ते २००६ या वर्षांतल्या क्लास ॲक्शनचा अभ्यास केला, त्यातही नोकरीविषयक दावे हाच सर्वांत मोठा आणि सर्वांत झपाट्यानं वाढणारा गट निघाला. म्हणजे काफाच्या आधीच ही वाढ सुरू झाली होती. काफानं बाकीचे दावे बाहेर नेले आणि हे ठळकपणे मागे उरले. आजही माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत निम्म्याहून जास्त याच असतात.

तुमच्या पत्नीचं प्रकरण याच गटातलं. इथला नियम साधा आहे. पाच तासांहून जास्त काम असेल तर पाचवा तास संपायच्या आत अर्ध्या तासाची, कामातून पूर्ण मोकळीक देणारी जेवणाची सुट्टी द्यायची. दर चार तासांमागे दहा मिनिटांची पगारी विश्रांती. जेवणाची सुट्टी चुकली तर त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार, विश्रांती चुकली तर आणखी एक. आता गणित मांडा. तासाला २५ डॉलर मिळवणाऱ्या बाईंची आठवड्यातून एकदा जेवणाची सुट्टी चुकते, वर्षाचे ५० आठवडे, आणि दावा चार वर्षांपर्यंत मागे नेता येतो. म्हणजे २०० वेळा २५, एकूण ५,००० डॉलर. एवढ्यासाठी कुठलाही वकील एकट्या बाईंचं प्रकरण घेणार नाही. पण त्या लॅबमध्ये चारही वर्षं ३०० जणांनी असंच काम केलं असेल तर आकडा १५ लाखांवर जातो. यावर पगाराची स्लिप चुकीची म्हणून माणशी जास्तीत जास्त ४,००० डॉलरपर्यंतचा दंड, आणि नोकरी सोडताना सगळे पैसे दिले नाहीत म्हणून ३० दिवसांपर्यंतचा पगार. बघा, रक्कम खटला चालवण्याइतकी मोठी झाली, तरी बऱ्याचदा काफाच्या ५० लाखांच्या रेषेखालीच राहते. तुमच्या 'फेडरल कोर्टात का नाही' या प्रश्नाचं अर्धं उत्तर या बेरजेत आहे.

२०१२ मध्ये ब्रिंकर रेस्तराँच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालकानं सुट्टी उपलब्ध करून द्यायची. कामगार खरोखर जेवतो का यावर पहारा ठेवायची गरज नाही. तेव्हा मी नुकतीच बाजू बदलली होती, आणि मला वाटलं होतं की आता प्रत्येक कामगाराची सुट्टी का चुकली याची वेगळी चौकशी करावी लागेल आणि क्लास टिकणार नाहीत. झालं वेगळंच. हजेरी संगणकावर गेली, प्रत्येक पंच, म्हणजे कामावर येण्या-जाण्याची खूण, मिनिटासकट नोंदला जाऊ लागला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं ठरवलं की जेवणाच्या सुट्टीची मिनिटं जवळच्या ठोकळ आकड्यावर नेऊन मोजता येणार नाहीत, आणि नोंदीत सुट्टी कमी दिसली तर ती नियमाप्रमाणे दिली नाही असं प्रथमदर्शनी धरायचं; उलट सिद्ध करणं मालकाच्या माथी. तेव्हापासून नव्या प्रकरणात मी सर्वांत आधी पंचांचा डेटा मागवते. २७ मिनिटांच्या, २८ मिनिटांच्या सुट्ट्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. काही फायलींत उलट दिसतं: रोज, प्रत्येकाची, बरोब्बर ३० मिनिटं. माणसं अशी जेवत नाहीत. तशी नोंद दिसली की पंच कुणी दुरुस्त केले याची मी चौकशी सुरू करते.

याच गटातली दुसरी मोठी घडामोड लवादाची. २०११ मध्ये एटी अँड टीच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ग्राहकांच्या करारातली 'क्लास ॲक्शन करणार नाही, एकट्यानं लवादाकडे जाईन' ही अट उचलून धरली. २०१८ मध्ये एपिक सिस्टिम्सच्या निकालानं कामगारांच्या करारालाही तेच लागू केलं. नोकरीला लागताना जी पंधरा कागदांवर सही करतो, त्यातल्या एका कागदावर आपण हा हक्क सोडून दिलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन माणसांत एकाला तरी आपण अशी सही केली हे माहीत नसतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण जेमतेम पगारावर जगणाऱ्या माणसाला तो कागद नाकारता येत नाही.

कॅलिफोर्नियानं यावर काढलेली वाट म्हणजे प्रायव्हेट ॲटर्नीज जनरल ॲक्ट, आमच्या भाषेत 'पागा'. २००४ पासून लागू असलेल्या या कायद्यानं कामगार राज्याच्या वतीनं दंड वसूल करायला उभा राहतो. ही तांत्रिकदृष्ट्या क्लास ॲक्शन नाही. कोर्टाकडून क्लास प्रमाणित करून घ्यावा लागत नाही. कामगारानं सही करून आपला हक्क सोडला तरी राज्यानं कुठे सही केलीय? या तर्कामुळे लवादाचे करार जसे पसरले तसे पागाचे दावे वाढत गेले. २०२२ मध्ये व्हायकिंग रिव्हरच्या प्रकरणात वॉशिंग्टनमधल्या सर्वोच्च न्यायालयानं याला कात्री लावायचा प्रयत्न केला. २०२३ मध्ये उबरविरुद्धच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानं सांगितलं की कामगाराचा स्वतःपुरता भाग लवादाकडे गेला तरी बाकीच्यांसाठी तो कोर्टात उभा राहू शकतो. मग मालक आणि कामगार संघटनांमध्ये तडजोड होऊन २०२४ च्या उन्हाळ्यात कायदा बदलला: दंडातला कामगारांचा वाटा २५ वरून ३५ टक्क्यांवर गेला, आणि ज्या मालकानं आधीच आपलं घर नीट केलंय त्याचा दंड मोठ्या प्रमाणात कमी झाला. मेहुण्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे, त्याकडे परत येते.

आता तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नोटिशीकडे. इथे प्रवाह वेगळ्या कारणानं राज्याच्या कोर्टाकडे वळला, आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच. फेडरल कोर्टात उभं राहायचं तर तुम्हाला खरंखुरं नुकसान झालेलं असावं लागतं. २०२१ मध्ये, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या ट्रान्सयुनियनच्या प्रकरणात हा निकष फार कडक झाला. त्या कंपनीनं ८,१८५ लोकांच्या क्रेडिट फायलींवर 'हे नाव सरकारच्या अतिरेकी वगैरेंच्या यादीतल्या नावाशी जुळू शकतं' असा चुकीचा शिक्का मारला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, ज्या १,८५३ जणांचे अहवाल बाहेर कुणाला पाठवले गेले त्यांचं नुकसान झालं. बाकीच्यांची माहिती फायलीत पडून होती, त्यांना फेडरल कोर्टात जागा नाही. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी असहमती नोंदवताना तळटीपेत इशारा दिला की अशाने हे दावे राज्याच्या कोर्टांत जातील आणि कंपनीला हा विजय महागात पडेल.

झालं तसंच. राज्यांची कोर्टं फेडरल राज्यघटनेच्या त्या मर्यादेनं बांधलेली नाहीत. कायद्यानं हक्क दिला आणि तो मोडला, एवढं त्यांना पुरू शकतं. त्यामुळे कोर्टात विलक्षण युक्तिवाद ऐकू येऊ लागले. माझ्याच एका प्रकरणात प्रतिवादी कंपनीनं काफाच्या आधारानं प्रकरण फेडरल कोर्टात नेलं आणि तिथं लगेच अर्ज केला: वादीचं काहीच नुकसान झालेलं नाही, दावा फेटाळा. आम्ही उत्तर दिलं: नुकसान नसेल तर या कोर्टाला प्रकरण ऐकायचा अधिकारच नाही, मग फेटाळता कसं येईल? परत पाठवा. कायदाही तेच सांगतो, आणि दोन महिन्यांत फाईल काउंटीच्या कोर्टात परत आली. आता अनुभवी बचाव-वकील प्रकरण उचलून नेण्याआधी दहादा विचार करतात. अर्थात सगळी दारं सताड उघडी आहेत असंही समजू नका. २०२२ मध्ये 'सर्कल के' या कंपनीच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्याच अपील न्यायालयानं एका फेडरल कायद्याखालच्या दाव्यात प्रत्यक्ष नुकसान दाखवायला सांगितलं.

तुमचा बोटाचा ठसा या बदलाचं सर्वांत ठळक उदाहरण. इलिनॉयनं २००८ मध्ये बायोमेट्रिक इन्फर्मेशन प्रायव्हसी ॲक्ट केला, लोक त्याला 'बिपा' म्हणतात. लेखी संमती न घेता ठसा किंवा चेहऱ्याची मापं घेतली तर निष्काळजीपणासाठी १,००० डॉलर, जाणूनबुजून केलं तर ५,०००. कायदा बरीच वर्षं जवळजवळ निजून होता. मग जानेवारी २०१९ मध्ये सिक्स फ्लॅग्जच्या प्रकरणात इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ठसा चोरीला गेला, पैसे बुडाले असं काही दाखवायची गरज नाही. सिक्स फ्लॅग्जच्या करमणूक-उद्यानात एका शाळकरी मुलाच्या अंगठ्याचा ठसा सीझन पाससाठी घेतला होता, एवढंच ते प्रकरण. त्यानंतर कुक काउंटीत दाव्यांची रीघ लागली, आणि त्यातले बहुसंख्य तुमच्यासारख्या, ठसा देऊन हजेरी लावणाऱ्या कामगारांचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हाइट कॅसलच्या प्रकरणात तेच न्यायालय आणखी पुढे गेलं: दर वेळी बोट टेकवलं की नवा भंग. ९,५०० कामगारांचा हिशेब १७ अब्ज डॉलरच्या वर जाईल, असं कंपनीनं सांगितलं होतं. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन एका माणसाला एकदाच, असं ठरलं.

बिपाची ही चाल मी इतर कायद्यांतही पुन्हा पुन्हा पाहिली आहे. म्हणून कुणी मला 'आता कुठल्या प्रकारचे दावे वाढतील' असं विचारलं की मी विषय बघत नाही, कायद्याचं कलम उघडते. त्यात माणशी किंवा दर वेळेला ठरावीक रक्कम लिहिलीय का? नुकसान सिद्ध करायची अट नाही ना? आणि ते कृत्य यंत्रासारखं, सगळ्यांच्या बाबतीत एकाच पद्धतीनं घडतं का? तिन्ही असेल तर एका निकालाची ठिणगी पुरते. २०११ मध्ये विल्यम्स-सोनोमाच्या प्रकरणात कॅलिफोर्नियात ठरलं की कार्डानं पैसे घेताना दुकानदारानं ग्राहकाचा झिप कोड (इथला पिनकोड) विचारून नोंदवून ठेवणं बेकायदा आहे. त्यानंतर पाहता पाहता अनेक दुकान-साखळ्यांवर दावे आले. दुकानांनी विचारणं थांबवलं आणि काही वर्षांत तो प्रकार माझ्या फायलींतून दिसेनासा झाला.

चॅटची नोटीस याच जातीची. कॅलिफोर्नियाचा इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी ॲक्ट १९६७ चा, चोरून फोन ऐकणाऱ्यांसाठी केलेला. त्यात दर भंगाला ५,००० डॉलर. आता युक्तिवाद असा की दुकानाच्या चॅटमागे तिसरी कंपनी बसलेली असते आणि ती तुमचं बोलणं तुम्हाला न सांगता नोंदवते, म्हणजे ते चोरून ऐकणंच. काही दावे तर 'पेन रजिस्टर' या जुन्या शब्दावर उभे आहेत. फिरवलेले फोन नंबर टिपणाऱ्या यंत्राचं ते नाव, आणि वादी म्हणतात की वेबसाइटवरचा ट्रॅकर तेच करतो. यावर न्यायाधीशांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं तर ऑक्टोबर २०२४ मध्ये, रुग्णालयांच्या वेबसाइटच्या प्रकरणात, तिथला चोरून ऐकण्याविरुद्धचा जुना कायदा नुसत्या ब्राउझिंगला लागू करायला नकार दिला. माझं मत: आजाराची माहिती जाहिरात-कंपनीच्या हाती जाणं ही गंभीर इजा आहे आणि तिथे मी पूर्ण ताकदीनं लढते. पण कुठलीही खाजगी गोष्ट न नोंदवणाऱ्या साध्या वेबसाइटच्या मालकाला पत्र पाठवून काही हजार डॉलर काढणं, हे मी करत नाही. त्यानं खऱ्या दाव्यांचीही पत जाते.

बाकी राज्यांचं थोडक्यात. फ्लोरिडानं १ जुलै २०२१ पासून परवानगीशिवाय पाठवलेल्या विक्रीच्या मेसेजला ५०० डॉलर लावले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं फेसबुकच्या प्रकरणात अशा फोन-मेसेजबद्दलच्या फेडरल कायद्याची धार कमी केली होती. दावे उसळले, आणि मे २०२३ मध्ये विधिमंडळानं 'आधी स्टॉप असं कळवा, पंधरा दिवस थांबा' अशी अट घालून ती लाट बसवली. सध्या माझं लक्ष वॉशिंग्टन राज्याकडे आहे. २०२३ पासून तिथे नोकरीच्या जाहिरातीत पगार लिहिणं सक्तीचं आहे, आणि न लिहिल्याबद्दल अर्जदारांनी गटानं दावे केले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ओल्ड नेव्हीच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ईमेलच्या विषयाच्या ओळीत 'आज शेवटचा दिवस' असं खोटं लिहिणंही कायद्याच्या कक्षेत धरलं. तेव्हाच्या कायद्यात दर ईमेलला ५०० डॉलर. हजारो लोकांना एकदम जाणारा ईमेल, म्हटल्यावर पुढचं ओळखा.

समभागांच्या दाव्यांचं उदाहरण उलट बाजूनं शिकवतं. मार्च २०१८ मध्ये सायन कंपनीच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ठरलं की १९३३ च्या सिक्युरिटीज ॲक्टखालचे दावे राज्याच्या कोर्टात राहू शकतात. आयपीओ आणलेल्या कंपन्यांवर सॅन मॅटेओसारख्या काउंट्यांत आणि न्यूयॉर्कमध्ये दावे येऊ लागले. कंपन्यांनी आपल्या नियमावलीत 'असे दावे फक्त फेडरल कोर्टात' अशी ओळ घातली, मार्च २०२० मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली, आणि ओहोटी लागली.

आता मेहुण्यांबद्दल. २२ कामगारांच्या रेस्तराँलाही हे होऊ शकतं, आणि झालं तर ते बहुतेक पगार-सुट्टीचंच असेल. घाबरण्याऐवजी एक रविवार काढायला सांगा. गेल्या दोन महिन्यांचे पंच उघडून पाचव्या तासाच्या आत सुट्टी दिसते का ते बघायचं. ज्या दिवशी नाही, त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार दिलाय का? दुपारच्या गर्दीत आचारी जेवताना 'जरा इकडे ये' असं बोलावतात का? बोलावत असतील तर ती सुट्टी धरली जात नाही. टिप्स आणि ओव्हरटाइमचा हिशेब पगाराच्या स्लिपवर नीट दिसतो का? मग हे सगळं तपासल्याची तारखेसह नोंद ठेवायची, मॅनेजरला शिकवायचं, चुका भरून द्यायच्या. २०२४ च्या बदलानंतर पागाची नोटीस येण्याआधी अशी वाजवी पावलं उचललेली असतील तर दंडावर १५ टक्क्यांची मर्यादा येते. नोटीस आल्यावर ६० दिवसांत उचलली तर ३० टक्क्यांची. आपले लोक 'सगळे घरच्यासारखेच आहेत' या भरवशावर कागद ठेवत नाहीत. पंचवीस वर्षं एकत्र राबलेल्या मालक-कामगारांना मी समोरासमोरच्या टेबलांवर बसलेलं पाहिलं आहे, आणि त्या दिवशी कुणालाच आनंद झाला नव्हता.

राहिल्या तुमच्या नोटिसा. त्या खऱ्या आहेत का हे पाहायला त्यावरचा प्रकरण-क्रमांक संबंधित कोर्टाच्या अधिकृत साइटवर स्वतः टाकून बघा. नोटिशीतल्या लिंकवरून जाऊ नका. खरी नोटीस कधीही तुमच्याकडून पैसे मागत नाही. पगाराच्या तडजोडीत इथे बहुधा काही भरावं लागत नाही, चेक आपोआप येतो. फक्त पत्नीचा पत्ता तडजोडीचे पैसे वाटणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरकडे बरोबर असायला हवा, आणि आलेला चेक मुदतीत वटवायला हवा. त्यातला काही भाग पगार म्हणून करपात्र असतो. चॅटच्या आणि ठशाच्या तडजोडीत सहसा क्लेम फॉर्म भरावा लागतो, आणि हातातून निसटतं ते तिथंच.

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की पैसे घेतले तर एच-१बी वर परिणाम होईल का. नाही. आपल्या हक्काच्या तडजोडीचा चेक घेतल्यानं व्हिसाला धक्का लागत नाही, आणि कॅलिफोर्नियात कामगार कायद्याच्या संरक्षणासाठी इमिग्रेशनचा दर्जा बघितलाच जात नाही. जुनी कंपनी अजून तुमच्या पत्नीच्या ग्रीन कार्डची फाईल चालवत असेल, तर मात्र आधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला. दावा बेकायदा आहे म्हणून नव्हे, सूड उगवायचा प्रयत्न झालाच तर पहिल्या दिवसापासून नोंद हवी म्हणून.

शिकागोची नोटीस आजच बाहेर काढा आणि क्लेमची शेवटची तारीख कुठली आहे ते बघा. दाव्यातून बाहेर पडायची तारीख आणि क्लेमची तारीख वेगवेगळ्या असतात, बरेच जण पहिलीच वाचून उशीर झाला असं समजतात.